कॅमेरा कोठे उभा होता?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. आज आपण तो रिवाज थोडा मोडला आहे, कारण आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो, ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटावर. तेव्हा चित्रपटावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. तिचे उत्तर आम्ही एका पगाराच्या चिठ्ठीपासून देतो.

एकोणिसाव्या वर्षी आमच्या हातात पहिल्या पगाराची चिठ्ठी पडली. आम्ही ती मोठ्या अभिमानाने वाचत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या फिटरने विचारले, ‘काय वाचलंस रे?’ आम्ही म्हणालो, ‘आकडा.’ तो म्हणाला, ‘आकडा मालकानं लिहिलाय, तो दिसणारच. आधी कपात किती ते बघ. मग जे लिहिलेलंच नाही ते बघ. परवा दोन तास जादा थांबला होतास, ते कुठं आहेत?’ ते दोन तास चिठ्ठीत कोठेच नव्हते. वाचणे म्हणजे काय, याचा आमचा पहिला धडा तो. लिहिणारा लिहितो ते वाचायचेच. पण त्याने काय गाळले तेही वाचायचे. आमच्या पिढीला हे कागदाच्या बाबतीत शिकावे लागले. आजच्या मुलांना तेच चित्राच्या बाबतीत शिकावे लागणार आहे, आणि ते कोणी शिकवीत नाही, हा आजचा आमचा विषय आहे.

हा विषय हौसेचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्या वर्षी देशभर अशा ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांतली एक पुढे प्रसिद्ध झाली. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे एक मूल उचलून पळ काढतात, एवढेच तीत दिसते. मूळ चित्रफीत होती कराचीची. मुलांना जपा, हे पालकांना सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेली. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांसाठी लिहिलेला फलक दाखवितात. आपल्याकडे फिरविणाऱ्याने तो शेवट तेवढा कापला होता. त्यातले एकही चित्र बनावट नव्हते. फक्त शेवट कापलेला होता. कपात किती ते पाहा, असे आमचा फिटर म्हणाला होता, त्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी पुन्हा नव्याने समजला.

त्याच आठवड्यात आमच्या संघटनेच्या कार्यालयात कंत्राटी खात्यातला एक तरुण असलीच एक चित्रफीत घेऊन आला. वस्तीत नवीन आलेल्या परप्रांतीय भांडी विकणाऱ्यांना ‘विचारायला’ जायचे, असे चार जणांचे ठरले होते. आम्ही म्हणालो, ‘अरे, हे खोटं आहे.’ तो म्हणाला, ‘काका, डोळ्यांनी पाहिलंय.’ हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. त्या मुलापाशी मात्र आरसाच होता. कांकण त्याने पाहिलेच नव्हते. त्या दिवशी पोरांना कसेबसे थोपविले. पण आपण रागावून थोपविले, समजावून नव्हे, ही बोच मनात राहिली. शिवाय ‘सगळं खोटं असतं’ असे मुलांना सांगत राहिलो, तर ती खऱ्यावरही विश्वास ठेवीनाशी होतात. एरवी खऱ्या अन्यायाचे चित्र समोर आले, तरी मग तीच मुले खांदे उडवितात. चळवळीला त्यासारखे दुसरे विष नाही.

म्हणून आम्ही महिन्यातून दोन शनिवारी कार्यालयाच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून अनुबोधपट दाखवायला सुरुवात केली. कामगारांची मुले-मुली आणि आयटीआयचे शिकाऊ विद्यार्थी येतात. नियम एकच: चित्रपट एकदा गप्प बसून पाहायचा, मग बोलायचे, मग तोच तुकडा पुन्हा पाहायचा. दुसऱ्यांदा पाहताना मुले जी गप्प होतात, त्यातच आमचे सगळे शिक्षण आहे.

पहिल्या दिवशी आम्ही एका मिनिटाहूनही छोटा चित्रपट दाखविला. फ्रान्समधल्या लिऑन शहरातील ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली काढलेला. कारखान्याचे दार उघडते आणि कामगार बाहेर पडतात. बहुतेक बायका, काही पुरुष, एखादी सायकल, एक कुत्रा. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसला ल्युमिएर बंधूंचा पैसे घेऊन पहिला खेळ झाला, त्यात तो होता; आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, तेव्हा तिथेही कारखाना सुटल्याचे दृश्य दाखविले गेले. सिनेमाची सुरुवातच कामगारांच्या चित्राने झाली, याचा आम्हांला केवढा अभिमान! आम्ही मुलांना विचारले, ‘कॅमेरा कोठे उभा आहे?’ उत्तर आले, ‘गेटाबाहेर.’ ‘आणि कोणाचा आहे?’ मग सांगितले: मालकाचा. फोटोच्या काचा बनविणारा तो कारखाना ल्युमिएरांचाच होता. शिवाय या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकीत एका घोड्याची गाडी आहे, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही. आणि कपड्यांतही फरक आहे. म्हणजे कामगारांना पुन्हापुन्हा बाहेर पडायला लावले होते. यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘मग त्यांना ओव्हरटाइम दिला का?’ सगळे हसले. पण प्रश्न नेमका होता. दाराबाहेरची चाल दिसते. दाराआडचे काम, त्याचे तास आणि त्याचा मोबदला दिसत नाही. तरीही त्या बायका खऱ्या आहेत, सुटल्याचा त्यांचा आनंदही खरा वाटतो. चित्र खरे असून अपुरे असू शकते, ही गोष्ट मुलांना त्या एका मिनिटात कळली.

पुढच्या खेपेला १९२२ सालचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ दाखविला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या लोकांवर काढलेला हा जगप्रसिद्ध अनुबोधपट. त्यातला शिकारी भाल्याने शिकार करतो. प्रत्यक्षात त्या लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आलेल्या होत्या. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धे घर उघडे ठेवून आत झोपण्या-उठण्याची दृश्ये घेतली. आणि चित्रपटाला पैसा पुरविला होता फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीने. एक मुलगा चिडला, म्हणाला, ‘मग ही फसवणूकच की!’ दुसरा म्हणाला, ‘पण थंडी तर खोटी नाही, आणि त्या माणसाची हुशारीही नाही.’ दोघांचे भांडण आम्ही मिटविले नाही. ते मिटू नये, हेच बरे.

तिसरा चित्रपट ख्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा, १९५७ सालचा, सायबेरियावरचा. त्यात एक विलक्षण तुकडा आहे. याकुत्स्क शहरातला एक रस्ता, एक बस, रस्ता दुरुस्त करणारे मजूर, वाटेने जाणारा एक स्थानिक माणूस. एवढीच दृश्ये तीनदा दाखविली आहेत आणि दर वेळी निवेदन वेगळे आहे. पहिले सोव्हिएत राजवटीची तारीफ करणारे, दुसरे तिला शिव्या घालणारे, तिसरे मधल्या सुराचे. चित्र तेच; पण पहिल्या निवेदनात मजूर आनंदी दिसतात आणि दुसऱ्यात गुलाम. तिसरे निवेदन मवाळ आहे, म्हणून ते सत्य ठरते असेही नाही, हेही मार्कर सुचवितो.

हा प्रयोग मुलांकडून करवून घ्यायचा, असे आम्ही ठरविले. आमच्याच एका गेट मीटिंगचे अर्ध्या मिनिटाचे मुके चित्रण मोबाइलवर होते. मुलांचे तीन गट केले. एकाने मालकाच्या बाजूचे निवेदन लिहायचे, दुसऱ्याने संघटनेच्या, तिसऱ्याने कोणाचीही बाजू न घेणारे. पहिले दोन गट दहा मिनिटांत मोकळे झाले. तिसरा गट तासभर भांडत बसला. ‘जमाव’ म्हणायचे की ‘कामगार’? ‘घोषणा दिल्या’ म्हणायचे की ‘मागणी केली’? शब्द निवडणे म्हणजेच जागा निवडणे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

श्रोतेहो, इथवर आम्ही खुशीत होतो. कारण तपासणी दुसऱ्यांची चालली होती. पण ओव्हरटाइमचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘काका, गेल्या वर्षी मोर्चाचा जो व्हिडिओ आपण सगळ्यांना पाठवला, त्यात कॅमेरा कुठं होता?’

आम्ही गप्प झालो. आता खरे सांगतो. मोर्चा मोठ्या रस्त्याने गेला होता, पण चित्रण आम्ही अरुंद गल्लीत घेतले. गल्लीत तीनशे माणसे तीन हजारांसारखी दिसतात. आणि आणखी एक तुकडा आम्ही कापला होता. सफाईच्या कंत्राटी बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून विचारीत होत्या, ‘तुमच्या मागणीपत्रकात आमचं नाव का नाही?’ त्या मुलीची आई त्या बायकांमध्ये होती. मालकाने आमचे दोन तास चिठ्ठीतून गाळले होते. आम्ही त्या बायकांना चित्रातून गाळले.

कार्यकारिणीत मोठी खडाजंगी झाली. जुने सहकारी म्हणाले, ‘पोरांना हे शिकवून तुम्ही मालकाच्या हाती कोलीत देत आहात.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लढा चालू असताना एकी दिसावी लागते, हे आम्हीही तीस वर्षे सांगत आलो आहोत. पण ज्या मुलांना आम्ही शोधायला शिकविले, त्यांच्यापासून आमचेच लपवायचे, तर त्या शनिवारांना अर्थ काय? अखेर थोड्या मतांनी ठराव झाला आणि न कापलेले चित्रण सभासदांच्या सभेत दाखविले. त्या बायकाही आल्या. एकीने भर सभेत आम्हांला चार शब्द सुनावले. ते ऐकून घेण्याजोगेच होते. नव्या मागणीपत्रकात त्यांची मागणी तिसऱ्या क्रमांकावर आहे. ती अजून मान्य झालेली नाही. पण आता ती चित्रात आहे.

याचा अर्थ बाजू घेणेच वाईट, असा कोणी काढू नये. आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ हा १९८५ सालचा अनुबोधपट आम्ही नंतर दाखविला. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात असता कॅमेरा झोपडीवाल्यांच्या जवळ उभा आहे. पण सुखवस्तू लोकांचे आणि अधिकाऱ्यांचे बोलणेही तो आपल्याला ऐकवितो. आपण कोठे उभे आहोत हे जो लपवीत नाही, त्याच्याशी वाद घालता येतो. लपविणाऱ्याशी वादही घालता येत नाही.

आता यंत्राने माणसाचा चेहरा आणि आवाज बेमालूम घडविता येतो. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी खरे-खोटे ओळखण्याचे दिवस सरत चालले आहेत. म्हणून तर प्रश्न विचारण्याची सवय अधिकच हवी. हे चित्र कोणी काढले? कोठे उभे राहून? आधीचे आणि नंतरचे काय कापले? पैसा कोणाचा? ते पहिल्यांदा कोणाकडून आले? आणि सर्वांत अवघड प्रश्न शेवटचा: जे चित्र पाहून आपल्याला बरे वाटले, त्यालाही आपण हेच प्रश्न विचारले का?

या कामाला फारसा पैसा लागत नाही. आपल्या गावात वाचनालय आहे, शाळांना सभागृहे आहेत, गणेशोत्सव मंडळांपाशी पडदे आणि प्रक्षेपक आहेत. दहा दिवसांतली एक संध्याकाळ मंडळांनी याला द्यावी. वीस मिनिटांचा अनुबोधपट लावावा आणि तासभर मुलांना बोलू द्यावे. मात्र एका गोष्टीची तयारी ठेवावी. शिकलेली मुले पहिला प्रश्न परक्याला विचारतील, दुसरा आपल्यालाच. तो प्रश्न येईल तेव्हा त्यांना गप्प बसवू नका. तेव्हाच आपले शिकविणे फळाला आले, असे समजा.

भांडी विकणाऱ्यांना ‘विचारायला’ निघालेला तो तरुण आज आमच्या शनिवारच्या खेळाची चादर बांधतो.