पारंग लाच्या पलीकडे उतार नाही



पत्रिकेवर विषय छापलाय ‘हिमालयातल्या दुर्गम ट्रेकचं नियोजन’. सबंध हिमालयाबद्दल एका संध्याकाळी बोलायला गेलो, तर कामाचं काहीच हाती लागणार नाही. म्हणून मी एकच वाट घेतो. हिमाचलमधल्या स्पितीतून निघायचं, पारंग ला ही खिंड ओलांडायची आणि लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या काठानं कोरझोक गावात पोचायचं. ही लोकांच्या वापरातली जुनी वाट आहे. किब्बरची घोडी या वाटेनं पलीकडे जात आणि पलीकडचे याक इकडे येत. आजही आपलं सामान वाहायला घोडी मिळतात ती बहुतेक किब्बरचीच.

नकाशा डोळ्यांपुढं आणा. काझा साधारण ३,६५० मीटरवर, किब्बर ४,२०० च्या आसपास. तिथून दुमला, मग एका खोल घळीत उतरून पुन्हा वर थालताकचं कुरण, पुढं खिंडीच्या पायथ्याशी ५,१०० मीटरच्या आसपास बोंगरोजेनचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे घसाऱ्यावरून चढून पारंग ला, सुमारे ५,५८० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. पलीकडे हिमनदीवरून उतरलं की पारे चू नदीचं रुंद, दगडगोट्यांचं पात्र लागतं आणि त्या पात्राच्या सोबतीनं काही दिवस चालून सरोवर.

आता या नकाशात एक गोष्ट आहे. कार्यक्रमपत्रिका वाचताना ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याला सह्याद्रीची सवय. खिंड ओलांडली की पलीकडे कोकण, तासाभरात गाव, गावात एसटी. पारंग ला ओलांडला की पलीकडे कोकण नाही. पलीकडे चांगथांगचं पठार आहे. नदी उतरते, पण इतकी हळूहळू, की दिवसभर चालूनही उंची फारशी कमी होत नाही. आणि सगळं चालून शेवटी जे सरोवर येतं, तेच ४,५२२ मीटरवर आहे. कोरझोक त्याच्याच काठावर आणि तिथून लेह रस्त्यानं दोनशे किलोमीटरहून अधिक.

उंचीच्या आजारावर खात्रीचा इलाज एकच, खाली उतरणं. मग खिंडीच्या पलीकडे पहिल्या रात्री कुणी आजारी पडलं, तर त्याला उतरवायचं कुठं? मागं जायचं तर पुन्हा साडेपाच हजार मीटरपर्यंत चढायचं. पुढं जायचं तर काही दिवस चालूनही साडेचार हजारांच्या खाली जाता येत नाही. या ट्रेकचं सगळं नियोजन या एका प्रश्नाभोवती व्हायला हवं, असं माझं मत आहे. कपडे, तंबू, कॅमेरे, बूट यांच्यावर आपल्याकडे फार बोललं जातं. त्यांचं महत्त्व आहेच, पण ते सगळं दुकानात मिळतं. खिंडीच्या अलीकडे घ्यायचे निर्णय मात्र घरूनच घेऊन जावे लागतात, कारण पाच हजार मीटरवर मेंदू स्वतःच विरळ हवेत काम करत असतो.

पहिला निर्णय रस्त्याचा. काझाला जायला दोन रस्ते आहेत. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये यायचं आणि साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठायचं. बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून हे फार सोपं वाटू लागलंय. दुसरा रस्ता सिमल्याहून. रामपूर, किन्नौरमधलं रेकाँग पिओ, मग नाको, ताबो, काझा. चारशे किलोमीटरांहून लांब, दोन-तीन दिवस खाणारा, धुळीचा आणि दरडींचा. मी प्रत्येकाला सिमल्याचाच रस्ता सांगतो. मनाली दोन हजार मीटरवर आहे. तिथून सकाळी निघून रात्री ३,६५० वर झोपणं म्हणजे शरीराला एका दिवसात सोळाशे मीटर वर टाकणं. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम आहे. सिमल्याच्या रस्त्यानं तो बराचसा आपोआप पाळला जातो. ज्यांना दोन दिवसांची रजा वाचवायची आहे, त्यांनी ती इथं वाचवू नये. उलट काझाला दोन रात्री, किब्बरला दोन रात्री आणि थालताकला एक जादा रात्र धरावी.

इथं सह्याद्रीत भटकणारे बरेच जण बसले आहेत, म्हणून हेही स्पष्ट सांगतो. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढा, पाठीवर वजन घेऊन अलंग-मदन-कुलंग करा. पाय, पाठ, दम, सगळं तयार होईल आणि ते व्हायलाच हवं. पण कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. विरळ हवेची सवय सह्याद्रीत लागू शकत नाही. उंचीचा आजार धट्टाकट्टा आणि किरकोळ असा भेद करत नाही. जोरकस चालणारे तर झपाझप वर जातात आणि आधी सापडतात. डायमॉक्सबद्दल मला नेहमी विचारलं जातं. ती गोळी सवय लवकर लागायला मदत करते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. आणि गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायचा नाही.

दुसरा निर्णय कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन न्यायचा. आमच्या कागदावर तीन वाक्यं असतात. डोकेदुखी कुणीही लपवणार नाही. बोंगरोजेनला सकाळी ज्याचं डोकं दुखत असेल, तो खिंड चढणार नाही. जो मागं जाईल, त्याच्याबरोबर गटातला एक जण आणि एक घोडेवाला जाईल आणि त्यावर चर्चा होणार नाही.

या कागदाची किंमत मला बोंगरोजेनलाच कळली. संध्याकाळ होती, वारा पडला होता. आमच्यातला सगळ्यात भक्कम चालणारा गडी तंबूच्या तोंडाशी बसला होता. मांडीवर खिचडीची थाळी, खिचडीवर साय धरल्यासारखा पापुद्रा आलेला. एका बुटाची नाडी सोडलेली, दुसऱ्याची तशीच. पाण्याची बाटली सकाळी भरलेली, तशीच भरलेली. डोकं कसं आहे विचारलं, तर म्हणाला, ‘ठीक आहे.’ त्याला उभं केलं आणि तंबूच्या ताणलेल्या दोरीच्या रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. दोन पावलं पडली. तिसरं बाजूला गेलं. त्याचं त्यालाही ते दिसलं.

तोल जाणं याचा अर्थ मेंदूला सूज येऊ लागली असं समजायचं, आणि मग सकाळची वाट बघायची नसते. डेक्सामेथासोन दिलं. ते औषध उतरताना वेळ मिळावा म्हणून असतं. ते घेऊन वर जायचं नसतं. हेडटॉर्च लावून, घोड्यावर आधार देत त्याला त्याच रात्री खाली न्यायला दोघं निघाले. जाताना तो एवढंच म्हणाला, ‘कागद आहे ना.’ थालताकच्या खाली पोचेपर्यंत तो स्वतःच्या पायांनी सरळ चालू लागला होता. आठ जणांनी रजा काढलेली, पैसे भरलेले, खिंड समोर दिसतेय. अशा वेळी तोंडी चर्चा सुरू झाली असती, तर सकाळपर्यंत थांबून बघू असं कुणीतरी नक्कीच म्हणालं असतं.

आता हवामान. स्पिती पर्जन्यछायेत आहे, म्हणून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत ही वाट करता येते. पण पर्जन्यछाया म्हणजे हमी नव्हे. जुलै २०२३ मध्ये चंद्रताल सरोवराजवळ, ऐन पावसाळ्यात, बर्फ पडून शेकडो पर्यटक अडकले. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत अवकाळी बर्फानं रस्ते बंद झाले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. आणि जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांचा गट वादळात सापडला, त्यातले नऊ जण गेले. ती वाट पारंग लापेक्षा हजार मीटरहून अधिक खाली आहे. तेव्हा उंचीइतकंच वारा, ओले कपडे आणि उघडा माथा यांनाही भ्यायला हवं. माझा आग्रह आहे की कार्यक्रमात दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा. ते कुठं वापरायचे हे आधी ठरवू नका. परतीच्या विमानाचं तिकीट रद्द करण्याची सोय असलेलंच घ्या. ज्याचं तिकीट पक्कं, तो खिंडीखाली खराब आभाळाकडे बघूनही उघडेल-उघडेल म्हणत राहतो.

नदीसाठी मात्र वेळ हवा आणि शिस्तही. पारे चू हिमनदीतून निघते. दुपारच्या उन्हानं वितळलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि आपण जितके खाली, तितकं ते उशिरा पोचतं. नोर्बू सुमदोच्या आसपास ती ओलांडावी लागते, तिथं संध्याकाळी ती फुगलेली असते. घोडेवाले काय करतात पाहा. तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला, अगदी ओल संपते तिथं, एक पांढरा दगड ठेवतात. पहाटे येऊन बघतात, पाणी दगडापासून किती मागं हटलंय. हटलं असेल तर निघायचं, नाहीतर आजचा दिवस इथंच. या दगडापुढं कुठल्याही वेळापत्रकाचं काही चालू देऊ नका.

पाण्यात अनवाणी उतरायचं नाही, पट्ट्यांचे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घालायचे. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर सॅक टाकता येते. तिघांनी खांद्यात हात घालून प्रवाहाकडे तोंड करायचं, सगळ्यात वजनदार माणूस वरच्या बाजूला. पाणी मांड्यांपर्यंत येतं आणि दोन मिनिटांत पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेनासं होतं. ही नदी पुढं तिबेटात जाते आणि वळून पुन्हा स्पितीतच येते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून तिच्यावर तलाव साचला होता. जून २००५ मध्ये तो फुटला आणि किन्नौरमधले रस्ते-पूल वाहून गेले. आपण ज्या सिमल्याच्या रस्त्यानं आलो, त्यावरही या नदीचा अंमल आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून प्रेशर कुकर घेतल्याशिवाय निघू नका. डाळ, राजमा कुकरशिवाय शिजत नाही. भूक मरते, तेव्हा ओळखीची चव घशाखाली उतरते. भाजणी, मेतकूट, खोबऱ्याची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू सोबत ठेवा. सरोवराचं पाणी मचूळ आहे, म्हणून सरोवराकाठच्या कियांगदोमच्या मुक्कामाला गोडं पाणी कुठं मिळतं ते घोडेवाल्यांना आधी विचारून घ्या.

घोडेवाल्यांशी हिशेब करताना एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपण कोरझोकला गाडीत बसतो. ते आणि त्यांची घोडी तीच वाट, तीच नदी, तीच खिंड ओलांडून किब्बरला परत जातात. ठरवताना परतीच्या दिवसांची मजुरी धरलेली असलीच पाहिजे. संस्थेमार्फत जात असाल, तर पैसे भरण्यापूर्वी विचारा, घोडेवाल्याला परतीचे किती दिवस दिले जातात, त्याच्याकडं बूट, चष्मा, तंबू आहे का, आणि आजारी माणसाला मागं न्यायची वेळ आली तर जादा घोडं आहे का. नीट उत्तर मिळालं नाही, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

शेवटचा मुद्दा संपर्काचा. किब्बर सोडल्यापासून कोरझोकपर्यंत मोबाइलच्या भरवशावर राहायचं नाही. परदेशात राहणारे आपले मित्र ट्रेकला येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आणतात. भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि तशी यंत्रं बाळगणं गुन्हा आहे. परदेशी ट्रेकर्सना त्यासाठी विमानतळावर ताब्यात घेतल्याचे प्रकार घडलेत. त्यांना आधीच कळवा. हेलिकॉप्टर येईल असं धरून चालू नका. निरोप पोचला, दिवस असला आणि हवा उघडी असली, तरच ते येतं, आणि निरोप पोचवायला कुणालातरी चालतच जावं लागतं.

म्हणून आज मे महिन्यात करायचं काम हे. रोजच्या मुक्कामाची नावं, तारखा, दोन रिकामे दिवस, प्रत्येकाचा रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा फोन असा एक कागद तयार करा. सीमेजवळचा भाग आहे, परवान्यांचे नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीचे नियम काझा आणि लेहच्या प्रशासनाकडून विचारून त्याच कागदावर लिहा. एक प्रत घरी, एक किब्बरच्या घोडेवाल्याच्या घरी, एक कोरझोकला न्यायला येणाऱ्या गाडीच्या चालकाकडं. चालकाला सांगायचं, ठरलेल्या तारखेला पोचलो नाही तर दोन दिवस थांब, त्याचे पैसे आधीच दिलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र जवळच्या पोलीस चौकीत जा आणि हा कागद त्यांच्या हातात दे.