लेकरांचे औषध : माप वजनाचे, वेळ घड्याळाची

(कृष्णराजनगर येथे रेल्वे व टपाल कामगार कुटुंबांच्या सभेत मराठीतून केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे आपल्या सभांचे नेहमीचे विषय. आज आम्ही उंबरठ्याच्या आतला विषय घेऊन उभे आहोत. आपली लेकरे आजारी पडली की आपण त्यांना अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषध, कसे देतो?

आम्ही डॉक्टर नाही. डोस किती, हे आम्ही सांगणार नाही. पण रातपाळीहून परतल्यावर तापलेल्या पोराच्या उशाशी बसलेले आईबाप आम्हीही आहोत. कृष्णराजनगरसारख्या गावी बदली झालेल्या मराठी कामगाराची अडचण दुहेरी असते. घरात आजी नाही आणि दवाखान्यात भाषा कन्नड. मग ड्यूटीची वेळ गाठण्यासाठी आपण थेट औषध दुकानाकडे वळतो.

आमच्याच एका साथीच्या घरी असे घडले. धाकट्याला जुलाब लागले. थोरल्याच्या खोकल्याच्या वेळची अर्धी बाटली फळीवर होती, तीच पाजली. जुलाब थांबले नाहीत, उलट वाढले. दुसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले आणि सलाईन लावावे लागले. पोर वाचले. पण त्याला गरज होती ती मीठ-साखरेच्या ओआरएस पाण्याची आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्यांची. त्या बाटलीची नव्हे.

प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. सर्दी, बहुतेक खोकले आणि लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात. तेथे हे औषध काम करीत नाही. उलट पोट बिघडवते, अंगावर पुरळ आणते, आणि शरीरातले जिवाणू त्याला निर्ढावतात. मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध हात टेकते.

याचा अर्थ प्रतिजैविक वाईट, असा कोणी घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनियाविरुद्ध काम केले. आपल्याकडच्या बायाबापड्या ज्याला ‘डब्बा’ म्हणतात, तोच हा आजार. त्यांनी गावातलेच आरोग्यसेवक आणि दाया यांना शिकवले. मोजता न येणाऱ्या दायांसाठी मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे साधन बनवले. श्वास मोजायचा, न्यूमोनिया ठरला तरच ठरलेल्या मापाने औषध द्यायचे. 1990 साली या प्रयोगाचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जेथे हे काम झाले तेथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली, जेथे झाले नाही तेथे 13.5 टक्के. पुढे 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना प्रतिजैविकाची इंजेक्शनेही त्यांनीच दिली. 1999 च्या अहवालानुसार तेथील नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले.

साथींनो, या दायांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. आपल्याला तर आहे. त्यांच्याजवळ शिस्त होती : आधी तपासणी, मग औषध, तेही मापात. सिग्नल मिळाल्याखेरीज आपण गाडी सोडत नाही, तीच ही शिस्त.

आता घरी काय करायचे ते सांगतो.

पहिले, श्वास मोजा. मूल शांत असताना छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील, गुंगीत असेल, तर थांबू नका, तडक रुग्णालयात न्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप असला तरी हेच करा. म्हैसूरला स्त्रिया आणि मुलांसाठी चेलुवांबा हे सरकारी रुग्णालय आहे.

दुसरे, माप. मुलाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून दवाखान्यात वजन करायला लावा. एकाच नावाच्या औषधाच्या बाटलीत 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅमही असते आणि 250 ही. बाटली बदलली की डोस दुप्पट होऊ शकतो. घरचा चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचे माप वापरा. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका.

तिसरे, पूड असलेली बाटली. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घाला, दर वेळी हलवा, लेबलावर लिहिले तसे थंड जागी ठेवा. मुदत संपली की उरलेले टाकून द्या. पुढच्या आजारासाठी जपू नका.

चौथे, दिवस. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच. ताप उतरला म्हणून आपल्या मनाने दोन दिवसांत थांबवू नका, आणि सातवर नेऊ नका. डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका. आपल्या पाळ्या बदलत्या, म्हणून भिंतीवर कागद लावा आणि डोस दिला की खूण करा. दोघांनीही दिला किंवा कोणीच नाही, असे मग होणार नाही.

पाचवे, औषधानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर औषध थांबवून रुग्णालयात धावा. पूर्वी असे झाले असेल तर प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा.

भाषेची लाज नको. ज्वर म्हणजे ताप, केम्मु म्हणजे खोकला, उसिरु म्हणजे श्वास. आणि ‘एष्टु दिन कोडबेकु?’ म्हणजे किती दिवस द्यायचे? एवढे विचारता आले तरी पुष्कळ.

गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. 1 मार्च 2014 पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंदही दुकानदाराला वहीत ठेवावी लागते.

पण सगळा भार आईबापांवर टाकून चालणार नाही. दोन दिवसांची रजा मिळाली नाही, म्हणजे पाच दिवसांचे औषध अर्ध्यावर सुटते. म्हणून मूल आजारी असताना पाळी बदलून मिळावी, प्रत्येक दवाखान्यात डोस लिहून आणि माप हातात देऊन पाठवावे, आणि ज्या ग्रामीण डाक सेवकांना केंद्र सरकारची आरोग्य योजनाच लागू नाही त्यांना ती मिळावी, हे आपण मागितलेच पाहिजे.

मागण्यांची लढाई चालूच राहील. श्वास मोजायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. आज घरी गेल्यावर फळीवरची ती अर्धी बाटली शोधा आणि टाकून द्या.