डावे स्टिअरिंग उजवीकडे आणताना

(रस्ता सुरक्षा अभियानात शिक्षक, ग्रामस्थ आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



परदेशी स्पोर्ट्‌स कारचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणणे हा श्रीमंतांच्या हौसेचा विषय आहे, त्याचे गावच्या सभेत काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्तही आहे. परंतु वाहनात फेरफार करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजावून घेण्यास याहून बोलके उदाहरण मला आढळत नाही.

प्रथम मूळ कारण पाहू. आपल्याकडे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणून चालक गाडीत उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्या बाजूस बसतो. पुढे कदंब महामंडळाची बस आहे आणि तिला ओलांडून जावयाचे आहे, अशी कल्पना करा. उजवीकडे बसलेला चालक गाडी थोडीशी बाहेर काढून समोरचा रस्ता पाहू शकतो. डावीकडे बसलेल्या चालकाला मात्र जवळजवळ सगळी गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात न्यावी लागते, तेव्हा कोठे त्याला समोरचे दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोरूनही तितक्याच वेगाने गाडी येत असेल, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदाला ४४ मीटरने घटते. स्पोर्ट्‌स कारचा वेग अधिक आणि बैठक जमिनीलगत. म्हणून दृष्टीचा हा प्रश्न तिच्या बाबतीत अधिकच बिकट होतो.

गोमंतकीयांना डाव्या-उजव्याचा हा विषय इतिहासानेही जवळचा आहे. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्यात मात्र ती डावीकडेच ठेवण्यात आली, कारण सीमेपलीकडील ब्रिटिश हिंदुस्थानात गाड्या डावीकडून धावत होत्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे चलन बदलले, कायदे बदलले, प्रशासन बदलले. रस्त्याची बाजू मात्र बदलावी लागली नाही.

रस्त्याची बाजू बदलली आणि वाहने तीच राहिली, तर काय होते हे ब्रह्मदेशात दिसले. तेथे १९७० साली वाहतूक उजवीकडे नेण्यात आली. परंतु पुढे कित्येक दशके बहुसंख्य गाड्या उजव्या स्टिअरिंगच्याच राहिल्या. बसचे दार डावीकडे असल्याने उतरणाऱ्या उतारूचा पाय पदपथाऐवजी रस्त्याच्या मध्यावर पडू लागला. वाहन आणि रस्ता यांचा मेळ नसेल, तर त्याची किंमत चालकाइतकीच इतरांनाही मोजावी लागते.

आता स्पोर्ट्‌स कारकडे वळू. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९६४ साली मस्टँग ही गाडी बाजारात आणली. ती डाव्या स्टिअरिंगचीच होती. ऑस्ट्रेलियात आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहतूक चालते. तेथील फोर्ड कंपनीने १९६५-६६ च्या सुमारास सुमारे दोनशे मस्टँग मागवून त्यांचे स्टिअरिंग उजवीकडे बसवून विकल्या. २००१ नंतरही तेथे असाच एक प्रयत्न झाला. मूळ कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मस्टँग तयार होण्यास २०१५ साल उजाडावे लागले, आणि तीच गाडी २०१६ मध्ये भारतात विक्रीस आली. एवढ्या मोठ्या कंपनीला पन्नास वर्षे लागली, यावरून काम किती खर्चाचे व गुंतागुंतीचे आहे हे ध्यानी यावे.

या कामात काय काय करावे लागते? वरवर पाहता एक चक्र इकडून तिकडे न्यावयाचे. प्रत्यक्षात चक्राचा दांडा इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीतून खाली उतरतो. ती भिंत एका बाजूस बुजवून दुसऱ्या बाजूस कापावी लागते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मोठे इंजिन दाटीवाटीने बसविलेले असते. दांड्याच्या नव्या वाटेत धुराचे नळ किंवा स्टार्टर आडवा आला, तर त्याचीही जागा बदलावी लागते. चाके वळविणाऱ्या स्टिअरिंग रॅकची डावी व उजवी बाजू सारखी नसते, म्हणून तो उजव्या स्टिअरिंगसाठी वेगळाच बनविलेला असावा लागतो.

त्यानंतर ब्रेक. पेडल उजवीकडे आले की त्याचा मुख्य सिलिंडर आणि नळ्या यांचीही नव्याने मांडणी करावी लागते. काही कारागीर सिलिंडर डावीकडेच ठेवून मध्ये आडवा दांडा टाकतात. तो दांडा पुरेसा भक्कम नसेल, तर पायाचा जोर त्याच्या वाकण्यात वाया जातो आणि ऐन वेळी ब्रेक लागावा तसा लागत नाही. डॅशबोर्डमागे साखळी किंवा दातेरी चाके बसवून नवे चक्र जुन्याच दांड्याला जोडण्याची युक्तीही वापरली गेली आहे. प्रत्येक नव्या सांध्याबरोबर ढिलेपणा वाढतो, आणि सांधा तुटला तर चालकाच्या हाती नुसते चक्र उरते.

याखेरीज डॅशबोर्ड, एअरबॅग, विजेच्या तारा आणि आरसे आहेतच. वायपरची फेर उजव्या चालकासमोरची काच पुसेल अशी करावी लागते. दिव्यांकडे तर बहुतेकांचे दुर्लक्ष होते. डीपर दिल्यावर आपल्याकडील दिव्यांचा झोत डाव्या कडेवर उंच पडतो, त्यामुळे पादचारी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. उजवीकडील वाहतुकीसाठी केलेले दिवे तसेच ठेवले, तर नेमके उलटे घडते.

आपला कायदा या बाबतीत सुस्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० नुसार, विहित प्रकारचे इशारा देणारे यांत्रिक वा विजेचे साधन चालू स्थितीत असल्याविना डाव्या स्टिअरिंगचे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. आयात धोरणानेही परदेशी मोटारींसाठी उजवे स्टिअरिंग, किलोमीटर दाखविणारा वेगमापक आणि डावीकडील वाहतुकीस अनुरूप दिवे या अटी घातल्या आहेत. त्याच अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील मनमानी फेरफारास आळा घालते. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे.

आपल्या गावात मस्टँग क्वचितच येईल. पण जुन्या जीपचा दांडा कापून जोडणे, ब्रेकच्या नळ्यांना ठिगळ लावणे, झगझगीत दिवे बसविणे हे प्रकार आपल्या पाहण्यात आहेत. आपल्या मिस्त्रींचे हस्तकौशल्य मोठे आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. तथापि ज्या सांध्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तो सांधा केवळ अंदाजाने जोडावयाचा नसतो. कारखान्यात असा भाग लाखो वेळा फिरवून, ताणून, आदळून तपासला जातो. गॅरेजमध्ये ती सोय नसते.

म्हणून माझी विनंती अशी. वाहनमालकांनी कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. जुने वाहन घेताना नोंदणीपत्र व प्रत्यक्ष वाहन ताडून पाहावे. अधिकारी मित्रांनी चौकशीस येणाऱ्या ग्रामस्थाला नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे. कारण कळले की नियम पाळणे जाचक वाटत नाही. आणि शिक्षकांनी मुलांना बसच्या डाव्या दारापासून हा धडा शिकवावा. दार त्याच बाजूला का, चालक दुसऱ्या बाजूला का, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर उद्या गाडी हाती आल्यावर ती कापण्यापूर्वी ती क्षणभर थांबतील.