भाजीचा रंग, पोषण आणि बियाणे
(भाजीपाला उत्पादकांच्या शिबिरात दिलेले भाषण)



भाजी घेताना आपण ताजेपणा पाहतो, भाव विचारतो. तिच्यात जीवनसत्त्व किती, हे कोणी विचारीत नाही. आणि विचारले तरी विकणारी बाई बिचारी काय सांगणार? परंतु हे प्रमाण जसे खतपाण्यावर, तसेच बियाण्यावरही अवलंबून असते. त्याचे एकच उदाहरण आज सांगतो.

१९७० साली कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात ब्रॅडफर्ड येथील पाणथळ भागात फुलकोबीचे पीक उभे होते. त्या पांढऱ्या गड्ड्यांमध्ये एक गड्डा नारिंगी निघाला. आकाराने तो लहान होता; आपल्यापैकी कोणी तो गुरांपुढे टाकला असता. सुदैवाने तो जपला गेला आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात त्यावर संशोधन झाले. हा रंग बीटा कॅरोटीनचा होता. आपले शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो.

या गुणास कारणीभूत असलेले जनुक २००६ साली वेगळे काढण्यात आले. गंमत अशी की, कॅरोटीन घडविणाऱ्या जनुकांचे काम त्यामुळे फारसे वाढलेले नव्हते. पेशीतील रंगहीन कणांचे रूपांतर मात्र कॅरोटीन साठविणाऱ्या कणांत झाले होते. ज्या घरात कणगीच नाही तेथे धान्य टिकणार कोठे? पांढऱ्या गड्ड्यात ही कणगी नसते, एवढाच भेद.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. हे जनुक माता व पिता या दोन्हींकडून आले तर रंग गडद येतो. पण त्या मूळ वाणात तसे झाड खुरटे राही आणि गड्डा लहान होई. एकाकडूनच आले तर गड्डा नारिंगी आणि भरदारही. मात्र अशा एकेरी जनुकाच्या झाडांचे आपसांत परागीभवन होऊन धरलेले बी पेरले, तर चार झाडांत सरासरीने एक पांढरे, दोन नारिंगी व एक गडद पण खुरटे निघते. संकरित पिकाचे बी घरी धरून पुढल्या हंगामात 'बियाण्यात फसवणूक झाली' असे म्हणणारे शेतकरी मी पाहिले आहेत. फसवणूक कोणी केलेली नसते. हा आनुवंशिकतेचा हिशेब असतो. शिक्षकांनी दोन पिशव्यांत काळे व पांढरे मणी समसमान घालून मुलांना प्रत्येकीतून एकेक मणी काढावयास लावावा. शंभर जोड्या मांडल्या की हा हिशेब फळ्यावर आपोआप उतरतो.

आपल्या देशात भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा बीटा केसरी-१' हे वाण तयार केले आणि २०१५-१६ मध्ये ते प्रसारित झाले. त्याच्या एका किलो गड्ड्यात सुमारे ८ ते १० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. पांढऱ्या फुलकोबीत ते नगण्यच. परंतु या वाणाची शिफारस दिल्ली परिसरासाठी आहे. आपल्या हवेत थंडीचे दिवस थोडे. म्हणून एकदम सगळी जमीन त्याखाली आणू नये. दोन वाफे लावून पाहावेत आणि पेरणीची तारीख, गड्ड्याचे वजन व बाजारात मिळालेला भाव यांची नोंद ठेवावी. नारिंगी गड्डा पाहून गिऱ्हाईक बिचकण्याचाही संभव आहे.

आणखी एक सांगितले पाहिजे. केवळ रंगावरून कॅरोटीन ओळखता येत नाही. तांबड्या भाजीचा तांबडेपणा कॅरोटीनचा नव्हे, तो बीटासायनिन या निराळ्या द्रव्याचा. तरीही तिच्या पानांत कॅरोटीन असते, आणि तेही या नारिंगी फुलकोबीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक. हिरव्या माठातही तसेच. तेव्हा नव्या वाणासाठी परसातील माठाचा वाफा मोडण्याचे कारण नाही. भाजी फोडणीस टाकताना तेलाचा हात अगदीच आखडू नये, कारण स्निग्ध पदार्थावाचून कॅरोटीन अंगी नीट लागत नाही.

बियाणे घेताना ते संकरित आहे की सुधारित सरळ वाण, एवढे दुकानदारास अवश्य विचारा, आणि पीक निघेपर्यंत रिकामी पिशवी व पावती जपून ठेवा.