आधी काच खाली घ्या



  जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी छातीच्या विकारांवरच्या गेल्या दहा वर्षांतल्या कामाचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणात लिहिलं आहे. क्षयाचं निदान काही तासांत होऊ लागलं, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा उपचार अनेक रुग्णांसाठी सहा महिन्यांवर आला. हे सगळं तुम्ही रोज वापरता. आढावा इथेच थांबवतो, कारण वर्षानुवर्षं मनात असलेली एक गोष्ट आज बोलायची आहे. गाडीत बसलेल्या माणसाच्या श्वासाचा विचार आपण कुणीच केलेला नाही.

सकाळी चालकाविना धावणाऱ्या सामायिक वाहनांतल्या संसर्गावर चर्चा झाली. काहींनी प्रत्येक फेरीनंतर आसनं पुसण्याचा आणि अतिनील दिव्यांचा आग्रह धरला. काहींना हा परदेशातला प्रश्न वाटला, कारण चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी येऊ देणार नाही, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी सांगितलेलं आहे. पण दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर चालकाविना गाडी 2020 च्या डिसेंबरातच सुरू झाली. मोटारीही कधीतरी येतील. आणि आसनं पुसण्याबद्दल म्हणाल, तर क्षय, गोवर, फ्लू, कोविड हे मुख्यतः हवेतून पसरतात. आसन कितीही पुसा, हवा तीच राहते.

विमानातल्या क्षयरुग्णाचे सहप्रवासी शोधताना जागतिक आरोग्य संघटना आठ तासांचा निकष लावते. एका सहकाऱ्यांनी त्याचा दाखला देऊन विचारलं, अर्ध्या तासाच्या प्रवासाने काय होणार? त्यांना माझ्याकडे आलेल्या नाशिकमधल्या सातपूरच्या कामगारांची हकिगत सांगतो. एकाच कारखान्यातले तिघे, थोड्या थोड्या अंतराने आले. गावं वेगळी, घरं वेगळी, कारखान्यातले विभागही वेगळे. घरातल्यांची तपासणी झाली, तिथे काही सापडलं नाही. शेवटी विचारलं, कामावर जाता कसे? तिघेही दिंडोरीकडून येणाऱ्या एकाच जीपमध्ये, हिवाळाभर, थंडी आणि धुळीमुळे काचा बंद करून. पहिला माणूस निदान होण्याआधी कित्येक आठवडे त्यात बसून खोकत होता. जंतूंची जनुकीय जुळणी तपासली नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण अर्धा तास येताना, अर्धा तास जाताना, तोही महिनोन्‌महिने, याची बेरीज आठ तासांच्या कितीतरी पुढे जाते. तरीही आपल्या केसपेपरवर घरातली माणसं किती, हा रकाना असतो. कामावर कशाने जाता, हा नसतो.

परदेशातले दाखले हवेत तर तेही आहेत. 1977 मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे काही तास धावपट्टीवर अडकलं आणि त्या वेळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. आत 54 माणसं. तीन दिवसांत प्रवाशांपैकी 72 टक्क्यांना फ्लूसदृश आजार झाला. 2020 च्या जानेवारीत चीनच्या निंगबो शहरातून धार्मिक कार्यक्रमाला निघालेल्या बसमध्ये वातानुकूलन आतलीच हवा फिरवत होतं. 68 जणांत 24 बाधित निघाले. उघडता येणाऱ्या खिडक्यांलगत बसलेले बहुतेक वाचले.

मोकळ्या हवेचं महत्त्व आपल्या पूर्वसूरींना कळत होतं. आपल्या देवळालीत कोरड्या हवेसाठी मुंबईची माणसं येऊन राहत. तिथल्या सॅनेटोरियमांचे ऐसपैस व्हरांडे मी विद्यार्थी असताना पाहिले आहेत. पुढे 1959 मध्ये मद्रासच्या क्षयावरच्या अभ्यासातून सिद्ध झालं, की औषधं नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो. फार मोलाचं काम ते. पण त्याने सॅनेटोरियमची खाट अनावश्यक ठरवली होती, खिडकी नव्हे. औषध सुरू झालेल्या रुग्णाचा धोका झपाट्याने कमी होतो. निदान न झालेला, खोकत कामावर निघालेला माणूस मात्र आजही आपल्या शेजारी बसतो, आणि गाड्या बनवणारे काचा पक्क्या बसवत चालले आहेत. गाडीतली हवा त्यांच्या लेखी फक्त थंडाव्याची बाब आहे. याची मला चीड येते.

आपल्या शेअर रिक्षाला दोन्ही बाजू मोकळ्या. 2020 मध्ये तिच्यात प्लास्टिकचे पडदे लावले, तेव्हाही मी म्हणत होतो, वारा अडवू नका. जीपमध्ये निदान चालक असतो. तो म्हणतो, "दादा, काच खाली घ्या," आणि लोक ऐकतात. चालकाविना गाडीत चार अनोळखी माणसं बसली आणि एक खोकू लागला, तर काच उघडायला कोण सांगणार? संकोचाने सगळे गप्प बसतील. म्हणून ते काम गाडीनेच करायला हवं. अनोळखी माणसं एकत्र असतील, तर आतली हवा आतच फिरवण्याची सोय चालू होताच कामा नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण 420 असतो. आतला आकडा प्रवाशांना समोर दिसू द्या, म्हणजे उच्छ्वासाची हवा किती साचली ते कळेल. एक प्रवासी उतरला की दुसरा बसण्याआधी गाडीने हवा बदलून घ्यावी. काच हाताने उघडता आलीच पाहिजे, मग वातानुकूलनवाले काहीही म्हणोत. चालक नसण्याचा एक फायदा मी मान्य करतो. दिवसभर सगळ्यांचा श्वास घेणारी एक छाती त्यातून सुटते. माझ्या रुग्णांत असे चालक बरेच होते.

चालकाविना मोटारी येतील तेव्हा येतील. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा मात्र दारात आहे. नाशिकरोडहून, निमाणी बसस्थानकाहून, त्र्यंबकच्या रस्त्याला बसगाड्या दाटीवाटीने भरून धावतील. आपण एक लहान समिती करू, हवा मोजायची साधी यंत्रं घेऊन काही बसमधून फिरू, पालिकेच्या आणि एसटीच्या अधिकाऱ्यांना भेटू. कोण, कधी, किती, ते सदस्यांनी बसून ठरवावं. केसपेपरवर प्रवासाचा रकाना वाढवण्याचा ठराव मात्र मी आज दुपारीच मांडणार आहे. ज्यांना तो अनावश्यक वाटतो, त्यांनी उभं राहून तसं सांगावं. मी उत्तर द्यायला तयार आहे.