रात्रीची भूक दिवसाची असते

जळगाव-धुळ्याच्या बैठकांत बाया विचारतात, "वजन उतरवायचंय, पण रात्री ११ वाजता भूक लागते, काय करू?" मी विचारते, "दिवसभरात काय खाल्लं?" सकाळी चहा, दुपारी उरलंसुरलं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर शेवटी. मग हा हावरटपणा कसा? ही दिवसाची थकबाकी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. उपाशी राहून बारीक होणं आपल्याला परवडणार नाही. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, दुपारी डाळ-उसळ खा. रात्री सगळ्यांबरोबर, लवकर जेवा. तरीही भूक लागली तर मूठभर फुटाणे खा, लाजू नका. आणि घरात विचारा, शेवटचं ताट नेहमी बाईचंच का?