पाटीचा मसुदा

हा गाऊन कधी एकदा उतरवतोय असं झालेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण उद्या कुठल्या तरी कार्यालयात मसुदे लिहीत बसतील. म्हणून आज एका पाटीची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा होता. कोल्स्टन वारला 1721 मध्ये, पुतळा उभा राहिला 1895 मध्ये. आपल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, त्याला तेव्हा 22 वर्षं झाली होती. त्यामुळे ‘त्या काळी कुणाला ठाऊक होतं’ ही सबब इथे चालत नाही. चौथऱ्यावरच्या पाटीत कोल्स्टन म्हणजे शहराचा सद्गुणी सुपुत्र. गुलामांचा व्यापार करणाऱ्या ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो अधिकारी होता, तिचा उल्लेखच नाही.

2018 मध्ये दुसरी पाटी लावायचं ठरलं. पहिल्या मसुद्यात सरळ लिहिलं होतं: 84,000 आफ्रिकनांना गुलाम करण्यात याचा हात होता, त्यांत 12,000 मुलं होती, 19,000 जण वाटेतच मेले. मग मसुदा फिरू लागला. दानधर्म वर चढला. ‘गुलाम करण्यात हात’ जाऊन तिथे ‘वाहतुकीत सहभाग’ आला. मुलं राहिली, मुलांचा आकडा गळला. बघा, खोटं एक अक्षर नाही! महापौर मार्विन रीस यांनी, ज्यांचे वडील जमैकाचे, हा मजकूर 2019 मध्ये नाकारला. पाटी लागलीच नाही.

7 जून 2020 ला लोकांनी दोर लावून पुतळा पाडला, गडगडत नेऊन बंदरात ढकलला. जवळच पेरोचा पूल आहे. नेव्हिस बेटावरून ब्रिस्टलला आणलेल्या एका गुलामाचं नाव त्याला दिलेलं.

जमावाने पुतळे पाडावेत हे माझ्यातल्या वकिलाला रुचत नाही. खटला चाललेल्या चौघांना ज्यूरीने 2022 मध्ये निर्दोष सोडलं, तेही मला सहज पचलं नाही. पण ‘इतिहास पुसला’ अशी ओरड ऐकली की मला तो फिरवलेला मसुदा आठवतो. पुसापुशी तिथे टेबलावर, चहा घेत, चाललेली होती.

पुतळा चार दिवसांनी पाण्यातून काढला. गाळ धुतला, अंगावर लोकांनी फासलेला रंग मात्र मुद्दाम ठेवला, आणि पुढच्या वर्षी तो संग्रहालयात आडवा मांडला. साफ करताना आत 1895 चं एक मासिक सापडलं, गुंडाळी करून खुपसलेलं. पुतळा बसवणाऱ्या कामगारांनी त्यावर आपली नावं हाताने लिहून ठेवली होती.